लिस्बनमध्ये एक मोकळा दिवस, सोबत कुणी नाही

असा दिवस ठरवून मिळत नाही, अंगावर येऊन पडतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावचा कारखानदार युरोपात गिऱ्हाइकाला भेटायला जातो आणि गुरुवारची मीटिंग शुक्रवारवर ढकलली जाते. मुलगा-सून सकाळी कामाला जातात आणि त्यांच्याकडं राहायला गेलेली आई किल्ली हातात घेऊन दारात उभी राहते. कुणाचं पुढचं विमान थेट रात्री असतं. मग माणूस हॉटेलच्या खोलीत मोबाइल बघत पडतो, नाहीतर 'बघायलाच हवीत अशी दहा ठिकाणं' काढून आठ वाजल्यापासून पळत सुटतो. दोन्हीकडून संध्याकाळी हातात येतो तो फक्त थकवा.

माझं म्हणणं सोपं आहे. दिवसाची दोन टोकं पक्की बांधा आणि मधलं सगळं सैल सोडा. किनाऱ्यावरच्या शहरात हे जमतं, कारण दिशा दाखवायला पाणी असतं. रंकाळ्यावर फेरी मारायला निघताना कुणी वेळापत्रक करत नाही. पाणी एका हाताला ठेवायचं आणि चालायला लागायचं. तेच इथं करायचं.

उदाहरणाला पोर्तुगालची राजधानी लिस्बन घेतोय त्यालाही कारण आहे. तेजू नदी अटलांटिकला मिळते त्या मुखावर हे शहर वसलंय. विमानतळ शहराच्या मध्यापासून जेमतेम ७ किलोमीटरवर, तिथूनच मेट्रो सुटते, धक्क्यावरून बोटी सुटतात आणि समुद्राच्या कडेनं लोकल धावते. शिवाय गोवा आणि कोकण ज्यांनी बघितलंय त्यांना हे शहर पूर्ण परकं वाटत नाही.

कोल्हापुरातून निघण्याआधी

ठरवून न जाणं वेगळं आणि तयारी न करता जाणं वेगळं. काही कामं घरीच उरकायची.

पहिलं काम कार्डाचं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळं नवं डेबिट-क्रेडिट कार्ड फक्त देशांतर्गत व्यवहारांपुरतं सुरू होऊन येतं. परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून आपणच चालू करायचा असतो. हे मुंबई विमानतळावर आठवलं आणि ओटीपीचा घोळ झाला तर पंचाईत होते. घरच्या वायफायवर बसून करा आणि मर्यादाही बेताची ठेवा. यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका. चहाच्या टपरीपासून सराफापर्यंत स्कॅन करायची सवय लागलेल्या माणसाला खिशात सुट्टे युरो ठेवणं जड जातं, पण ठेवा.

दुसरं, शहराचा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, म्हणजे नेट नसतानाही चालेल. उतरण्याच्या जागेचा पत्ता कागदावर लिहून पाकिटात ठेवा. मोबाइल बंद पडला की हाच कागद कामाला येतो. शेंगेन व्हिसा म्हणजे पोर्तुगालसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो, त्याचा पॉलिसी क्रमांक आणि मदतीचा फोन नंबर त्याच कागदावर. तातडीचा नंबर ११२.

व्हिसाबद्दल एक गोष्ट विमान बदलणाऱ्यांनी नीट बघावी. शेंगेन व्हिसा नसेल तर विमानतळाबाहेर पाऊल टाकता येत नाही. आणि तो एकाच प्रवेशाचा असेल तर बाहेर पडताना तो प्रवेश वापरला जातो. परतीच्या वाटेवर पुन्हा युरोपात शिरायचं असेल तर तिथंच अडकाल.

चपला-बुटांचं काय? लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या छोट्या पांढऱ्या-काळ्या दगडांचे आहेत. पायांनी घासून गुळगुळीत झालेले, आणि शहर सगळं चढ-उतारांचं. पावसाचा शिंतोडा पडला की तिथं पाय ठरत नाही. आपली चामडी कापशी बॅगेत राहू द्या, रबरी तळाचे बूट घाला. जुलैतही संध्याकाळी गार वारं सुटतं, तेव्हा एक पातळ जाकीट हवंच.

आधी शेवट ठरवा

परतीची वेळ पहिल्यांदा काढायची आणि तिथून उलटं मोजत यायचं. समजा विमान रात्री ९ ला आहे. ६ वाजता विमानतळावर हवं, कारण शेंगेनबाहेर जाणाऱ्यांना पासपोर्ट तपासणीची वेगळी रांग लागते आणि ती लांब असते. म्हणजे ५ ला शहरातून निघायचं. मोबाइलला सव्वाचारचा गजर लावा आणि मग दिवसभर घड्याळाकडं बघू नका.

बाहेर घालवायला चारच तास असतील तर जुन्या शहराचा नाद सोडा. विमानतळावरून मेट्रोच्या लाल मार्गानं तिसरं स्टेशन ओरिएंत. तिथून पाच-दहा मिनिटं चाललं की नदी. १९९८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी वसवलेला हा भाग आहे. पाण्याकाठी लांब सपाट रस्ता, मोठं मत्स्यालय आणि पलीकडं जोडरस्त्यांसह सुमारे १७ किलोमीटरचा वास्को द गामा पूल. पावसाळी दिवसालाही हीच जागा बरी.

जड बॅग असेल तर विमानतळावर सामान ठेवायची सोय आहे. चाकांची बॅग त्या दगडी चढांवरून ओढणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी असतात.

कार्ड घ्या, मेट्रो धरा

विमानतळाच्या मेट्रो स्टेशनवर मशीनमधून 'नावेगांत' कार्ड निघतं. कोऱ्या कार्डाचे ५० सेंट आणि वर हवे तेवढे पैसे. मशीन भाषा विचारते, इंग्रजी निवडा. पुढं चोवीस तासांचा पास की नुसते पैसे भरायचे, असा प्रश्न येतो. काहीच ठरलेलं नसेल तर पैसे भरा, त्याला तिथं 'झॅपिंग' म्हणतात. मेट्रो, ट्राम, बस, बोट आणि समुद्राकाठच्या कास्काइश गावाची लोकल या सगळ्यांना तेच कार्ड चालतं. पास वेगवेगळ्या जोड्यांचे असतात. बोटीचा घेतला आणि मन लोकलचं झालं तर तो फुकट गेला. कार्ड माणशी एक लागतं आणि मेट्रोतून बाहेर पडतानाही टेकवावं लागतं, तेव्हा आत शिरल्यावर बॅगेच्या तळाशी टाकू नका.

लाल मार्गानं अलामेदाला उतरा, तिथून हिरव्या मार्गानं रोसियू. विमानतळापासून इथवर साधारण अर्धा तास.

आधी पाणी गाठा

रोसियूच्या चौकातून दक्षिणेकडं सरळ चालायला लागा. हा भाग म्हणजे बायशा. १ नोव्हेंबर १७५५ ला भूकंप, त्यामागून समुद्राची लाट आणि मग आग, अशा तिहेरी माऱ्यात हे शहर कोसळलं. त्यानंतर राजाचा मंत्री मार्क्विस ऑफ पोम्बालनं इथं काटकोनात आखलेले सरळ रस्ते बांधून घेतले. म्हणून बायशात कुणी चुकत नाही. रुआ औगुश्ता या रस्त्याच्या टोकाला मोठी कमान लागते, कमानीखालून गेलं की तिन्ही बाजूंनी पिवळ्या इमारती आणि चौथ्या बाजूला नुसतं पाणी.

चौकाच्या पाण्याकडच्या टोकाला दोन दगडी खांब उभे आहेत आणि त्यांच्यामधून पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. भरतीला खालच्या पायऱ्या बुडतात. ओहोटीला उघड्या पडतात तेव्हा त्यांच्यावर हिरवं शेवाळ चकाकत असतं, तिथं पाय ठेवू नका. वरच्या पायरीवर बसा. खांबाच्या डोक्यावर बहुधा एखादा समुद्रपक्षी ठाण मांडून असतो. पायाशी पाणी चुबुक-चुबुक आपटतं, डावीकडून उजवीकडं बोटी जातात. वीस-पंचवीस मिनिटं तरी इथं काढा. फोटो एक पुरे. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, मुंबईची गर्मी आणि विमानातली वाकडी झोप अशा प्रवासानंतर शरीराला हे बसणं कुठल्याही राजवाड्यापेक्षा जास्त गरजेचं असतं.

आता इथून समुद्र उजव्या हाताला, पश्चिमेकडं. मागं चढावर शहर. दिवसभर वाट चुकलात तर उतार धरा. लिस्बनमधला उतार आज ना उद्या नदीकडंच आणून सोडतो.

दहा मिनिटांची बोट

पाणी डाव्या हाताला ठेवून पंधरा मिनिटं चाललं की काइश दु सोद्रेचा धक्का. इथून पलीकडच्या काठावरच्या कासील्यासला बोट जाते. पर्यटकांच्या क्रूझची तिकिटं विकणारे वाटेत भेटतील, त्यांना हसून नकार द्या. ही साधी, रोज कामाला जाणाऱ्यांची बोट आहे आणि तुमच्या त्याच कार्डावर चालते. दहा मिनिटांत पलीकडं. तेवढ्यात पश्चिमेला २५ एप्रिलचा लाल झुलता पूल दिसतो. १९६६ ला तो हुकूमशहा सालाझारच्या नावानं उघडला आणि १९७४ च्या क्रांतीनंतर त्याला क्रांतीच्या तारखेचं नाव मिळालं. पलीकडच्या टेकडीवर हात पसरलेला ख्रिस्त, १९५९ चा.

पण खरं बघायचं ते मागं वळून. कुठलंही किनारी शहर पाण्यातून बघितल्याशिवाय त्याची ठेवण ध्यानात येत नाही. टेकड्या किती, जुना किल्ला कुठं, सपाट भाग केवढासा, हे सगळं या दहा मिनिटांत डोक्यात बसतं. नकाशा तासभर बघून ते होत नाही. कासील्यासला उतरल्यावर मासळीची हॉटेलं समोरच आहेत. भूक नसेल तर पुढच्या बोटीनं परत फिरा, काही बिघडत नाही.

आता एकच वाट निवडा

इथं मोह होतो. बेलें, अल्फामा, कास्काइश, सगळंच आजच. करू नका. आकाशाकडं बघा, पायांना विचारा आणि एक निवडा.

ऊन असेल आणि समुद्र हवा असेल तर काइश दु सोद्रेवरूनच कास्काइशची लोकल पकडा. शेवटपर्यंत साधारण चाळीस मिनिटं लागतात. जाताना डाव्या खिडकीला बसा, पाणी त्या बाजूला असतं. काही गाड्या मधली स्टेशनं गाळतात, फलकावर नजर टाका. माझा सल्ला, कास्काइशच्या आधी एश्तोरीलला उतरा आणि समुद्राला लागून बांधलेल्या पायवाटेनं कास्काइशपर्यंत चालत जा. रमतगमत पाऊण तास. एका हाताला लाटा, दुसऱ्या हाताला जुन्या हवेल्या, मध्ये कुत्री फिरवणारी म्हातारी माणसं. पोहायचा विचार असेल तर आधी पाय बुडवून बघा. हे अटलांटिकचं पाणी भर उन्हाळ्यातही गारठवतं. तारकर्लीच्या हिशोबानं धावत आत गेलात तर श्वास अडकेल. लाल बावटा असेल तर पाण्यात जायचं नाही, पिवळा असेल तर पोहायचं नाही. आणि एकट्यानं गेलात तर पाकीट-पासपोर्ट वाळूवर सोडून पोहायला जाण्यापेक्षा गुडघाभर पाण्यावर समाधान माना.

पायांत दम असेल तर अल्फामा. १७५५ च्या भूकंपातून हा भाग बराचसा वाचला, म्हणून इथल्या गल्ल्या अजून जुन्या, वाकड्या आणि एकमेकींत गुंतलेल्या. इथं मोबाइल खिशात घाला. पायऱ्या दिसल्या की चढा, दोरीवर वाळत घातलेल्या चादरींखालून जा. वर पोर्तास दु सोल नावाचा सज्जा लागतो, लाल कौलं आणि खाली नदी. आणखी उंच जायचं तर सेन्योरा दु मोंत. मंगळवार किंवा शनिवार असेल तर सांता क्लाराच्या मैदानात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. फुटक्या फरशा, पितळी नळ, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो. घ्यायचं काही नसलं तरी तासभर सहज जातो.

२८ नंबरच्या पिवळ्या ट्रामचं फार कौतुक असतं. मार्तीं मोनीजच्या थांब्यावर तिच्यासाठी भर उन्हात तास-तास रांग लावतात आणि आत खिसेकापूंचा सुकाळ. सकाळी लवकर मिळाली तर बसा, एरवी तीच वाट चालत जा.

बेलेंला वास्को द गामाची कबर आहे, जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये. कोकण किनाऱ्याच्या इतिहासाची आवड असेल तर जा. नसेल तर तिथली रांग बघून मन मोडेल. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, तेही ध्यानात ठेवा.

एकट्यानं जेवायचं कसं

आपल्याकडं जेवण म्हणजे चार माणसं आणि आग्रह. परक्या शहरात हॉटेलच्या दारात 'एक जण' म्हणून बोट दाखवायला कसनुसं वाटतं, आणि मग माणूस बिस्किटांवर दिवस काढतो. त्यावर उपाय म्हणजे काउंटर. लिस्बनच्या कुठल्याही कोपऱ्यावरच्या 'पाश्तेलारिया'त लोक एकेकटेच उभ्यानं खातात. 'बीका' म्हटलं की छोटी कडक कॉफी मिळते. सोबत 'पश्तेल द नाता', खरपूस पापुद्र्याच्या वाटीत दुधाचं घट्ट सारण, वर जळके डाग, आणि दालचिनीची पूड आपण भुरभुरायची. त्यात अंडं असतं, वार पाळणाऱ्यांनी आधीच समजून घ्यावं. उभ्यानं खाल्लं तर बहुतेक ठिकाणी टेबलापेक्षा स्वस्त पडतं.

दुपारी साडेबारा ते तीनच्या दरम्यान 'प्रातु दु दीया', म्हणजे त्या दिवसाचं ताट, बघा. दाराबाहेर कागदावर हातानं लिहून लावलेलं असतं. चौकात फोटोंची रंगीत पाटी घेऊन हाका मारणारी हॉटेलं टाळा आणि दोन गल्ल्या आत जा.

टेबलावर बसताच न मागता पाव, ऑलिव्ह, लोणी, कधी चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं. त्याला 'कुवेर' म्हणतात. खाल्लं तर बिलात लागतं, नको असेल तर 'नाउं, ओब्रिगादु' म्हणून परत पाठवा. बाई असाल तर 'ओब्रिगादा'. कुणी रागावत नाही. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून घेत चला.

काय खात नाही ते आधी सांगा. 'पोर्कु' डुक्कर, 'वाका' गाय, 'फ्रांगु' कोंबडी, 'पैश' मासा. 'सें कार्न' म्हणजे मांसाशिवाय. पण 'काल्दु वेर्द' नावाच्या हिरव्या सूपमध्येही डुकराच्या सॉसेजची चकती तरंगत असते, 'बिफाना' पावात डुकराचंच मांस असतं, तेव्हा शाकाहाऱ्यांनी नुसत्या नावावर जाऊ नये. काउंटरच्या काचेत चक्क समोसा दिसेल, तिथं त्याला 'शामुसा' म्हणतात. आत बहुतेकदा खिमा असतो, विचारून घ्या. शाकाहारी माणसाची अगदीच उपासमार व्हायला लागली तर मार्तीं मोनीजच्या आसपास भारतीय, नेपाळी, बांगलादेशी खानावळी आणि किराणा दुकानं आहेत. तो शेवटचा आधार, पहिला नको.

मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ. जूनमध्ये गल्लीगल्लीत कोळशावर सार्डिन भाजतात आणि पावाच्या फोडीवर ठेवून देतात. माशाची चरबी त्या पावात मुरते. आधी मासा काट्यावरून सोडवून संपवायचा आणि शेवटी तो पाव. मीठ सोडलं तर मसाला काही नाही, आणि कोल्हापुरी जिभेला इथंच चुकल्यासारखं होतं. त्यावर 'पिरी-पिरी' मागा, तिखट मिरचीचं तेल. मिरची मूळची अमेरिका खंडातली, आपल्याकडं ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. आपला तांबडा रस्सा यांचंच देणं लागतो, आणि हे स्वतः मात्र थेंब-थेंब मोजून घालतात.

दुपारी तीनचा खड्डा

एकट्यानं काढलेल्या दिवसात तीनच्या सुमाराला मन खाली बसतं. पाय दुखतात, बोलायला कुणी नसतं, आणि आपण इथं काय करतोय असं वाटायला लागतं. त्या वेळी उन्हाळ्यात कोल्हापुरात संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. पोर्तुगालचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागं आणि हिवाळ्यात साडेपाच. घरी सगळे जमलेले, व्हिडिओ कॉल लावायचा मोह होतो. लावू नका. एकदा लावला की पुढचा तास मोबाइल उंच धरून 'हे बघा, हे बघा' करण्यात जातो आणि 'तिकडं जेवलास का' यावर संपतो. घरी सकाळी ९ ला बोला, तिकडं दुपारचं जेवण चाललेलं असतं. तेव्हाच सांगून टाका की आता रात्रीच मेसेज येईल.

तीनला करायचं काम एकच, बसायचं. टेकडीवरच्या बऱ्याच सज्ज्यांजवळ 'कियोश्क', छोटी टपरी, असते. काहीतरी गार घ्या आणि अर्धा तास हलू नका. शेजारच्या बाकावरचा कुणी बोलला तर बोला, नाही बोलला तरी चालतं. अर्ध्या तासानं पाय आपोआप उठतात.

सांभाळायचं काय

बायशाच्या रस्त्यांवर माणसं जवळ येऊन हळूच गांजा-चरस विचारतात. थांबू नका, उत्तर देऊ नका. बहुतेकदा तो तमालपत्राचा चुरा असतो, आणि खरा असला तरी तुम्हाला नकोच आहे. गर्दीत बॅग पुढं घ्या. पैसे काढायला 'मुल्तिबांकु'चा निळा फलक असलेलं बँकेचं यंत्र शोधा. पर्यटकांच्या चौकात उभी असलेली इतर यंत्रं जास्त पैसे कापतात. यंत्रानं किंवा दुकानदारानं 'रुपयांत की युरोत' विचारलं तर युरोच म्हणा. रुपयांचा आकडा ओळखीचा दिसतो, पण दर आपल्या तोट्याचा असतो.

एकट्या बाईला इथं दिवसा कॅफेत, बाकावर, बोटीत बसलेलं बघून कुणी मान वळवत नाही. रात्री बाय्रु आल्तुच्या गल्ल्यांत पिणाऱ्यांची गर्दी रस्त्यावर येते. ती आवडत नसेल तर अंधार पडल्यावर मोठ्या रस्त्यानं मेट्रो गाठा.

हीच रीत दुसऱ्या शहरातही चालते. कोलंबोला फोर्ट स्टेशनवरून दक्षिणेची लोकल धरली की ती माउंट लॅव्हिनियापर्यंत समुद्राला खेटून धावते. हाँगकाँगला स्टार फेरी. मस्कतला मत्राहचा समुद्राकाठचा रस्ता आणि त्याला लागूनच जुना बाजार. आधी पाणी, मग तिथल्या लोकांचं रोजचं वाहन, मग एक वाट.

गजर वाजला की

सव्वाचारला जिथं असाल तिथून आवरा. कास्काइशला गेला असाल तर हा गजर तासभर आधीचा लावायला हवा होता, लोकलचे चाळीस मिनिटं त्यात धरा. हिरव्या मार्गानं अलामेदा, तिथून लाल. टॅक्सीच्या भानगडीत पडू नका, संध्याकाळी रस्ते तुंबतात. सामान सोडवून घ्या, आणि सुरक्षा तपासणीच्या आधी बाटलीतलं पाणी पिऊन ती रिकामी करा. खायचं आणि बसायचं पासपोर्ट तपासणी झाल्यानंतर. ती रांग किती वेळ घेईल हे रांगेत उभं राहिल्यावरच कळतं.